उभ्या मावशी

उभ्या मावशींना बसलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस अकोल्यात मला भेटला नाही. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली, पत्र्याच्या टपरीत त्यांचं इस्तरीचं टेबल होतं. सकाळी कॉलेजात शिकवायला निघालो की त्या उभ्या, संध्याकाळी परतलो तरी उभ्या. टपरीत एक स्टूल होतं, पण त्यावर कपड्यांचे गठ्ठे बसत. एखादं नवखं गिऱ्हाईक म्हणालंच, "मावशी, घटकाभर टेका," तर उत्तर ठरलेलं असायचं. "बसाले मी काय अंड्यावरची कोंबडी आहो?"

मूळच्या त्या हिवरखेडकडच्या. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी फर्मावलं की आता घरात बस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाला कडेवर घेऊन अकोल्याच्या एसटीत बसल्या. "तेवढी काय ते बसली," असं स्वतःच सांगत. पुढे मुलगा शिकला, पुण्यात नोकरीला लागला आणि तोही म्हणू लागला, आई, आता बस. मुलाच्या तोंडून तो शब्द ऐकल्यावर मावशींनी त्याच्याशी महिनाभर अबोला धरला होता.

त्यांची इस्तरी कोळशाची. विजेवरची घ्या म्हटलं की म्हणायच्या, "लाईनवाल्याच्या मर्जीनं मी कपडे करू काय?" प्रत्येक कपड्यावर आधी ओंजळीनं पाणी मारायच्या, मग इस्तरी फिरवायच्या. घाईतल्या माणसाला हे पाणी मारणं पाहवत नसे. मलाही नसे. एकदा मी तसं बोललो, तर इस्तरी हवेतच थांबली. "सर, पयले पाणी, मंग आग. उलटं केलं तं कपडा जळते." इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही कपडा जळला नव्हता, हा त्यांचा अभिमान होता. तो मी मोडला.

झालं असं की उभं राहून शिकवता शिकवता माझ्या पोटरीवर निळ्या गाठी उमटल्या होत्या. माझी सासुरवाडी अमरावतीची, त्यामुळे माझ्या सगळ्या दोषांचं निदान तिकडेच होतं. हेही तिथल्याच एका तरुण डॉक्टरीणबाईंनी केलं. शिरेतल्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त वर जायचं ते खाली उतरून तुंबतं, लेझरनं शीर बंद करून टाकू, असं त्या म्हणाल्या. लेझर हा शब्द ऐकून मला जी धडकी भरली, तिला मी 'आधी साधे उपाय करून बघू' असं भारदस्त नाव दिलं आणि मांडीपर्यंतचे घट्ट मोजे घेऊन घरी आलो. आठवड्यानं ते धुतले आणि सवयीनं बाकीच्या कपड्यांत घालून मावशींकडे टाकले. बनियनलासुद्धा इस्तरी लागणारा माणूस मी.

संध्याकाळी गेलो तेव्हा मावशी टपरीबाहेर येऊन उभ्या होत्या. हातात चिमट्यात धरलेलं, भरताच्या वांग्यासारखं भाजून आकसलेलं काहीतरी होतं.

"हे काय होय? इस्तरी सोसत नाई तो कपडा कायचा?"

चार बायका गठ्ठे घेऊन थांबलेल्या. खुलासा करण्याच्या भरात मी त्यांच्यासमोरच पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि माझ्या गाठींवर छोटंसं व्याख्यान दिलं. मावशींनी माझी पोटरी नीट न्याहाळली.

"एवढंच?" त्या म्हणाल्या आणि लुगड्याचा काठ वीतभर वर केला.

घोट्याच्या आतल्या अंगाला कातडी काळीठिक्कर पडली होती, आणि सुती चिंधीखाली रुपयाएवढी जखम ओली होती. दोन वर्षं ती भरत नव्हती. दोन डॉक्टर झाले होते. दोघांनी मलमं दिली आणि एकच सांगितलं: उभ्याचं काम सोडा, बसा, नाहीतर पाय जाईल. तिसऱ्याकडे मावशी गेल्याच नाहीत. "पाय वाचवून करू काय, त्याच्यावर उभंच राहाचं नाई तं?"

मी त्यांना अमरावतीला नेलं ते निव्वळ अपराधीपणातून. एसटीत जागा होती, तरी त्या दांडा धरून उभ्या राहिल्या. बडनेऱ्यापर्यंत मीही लाजेनं उभा राहिलो, मग बसलो.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर उलटं वाहणारं रक्त दाखवलं. झडप म्हणजे काय, ते सांगू लागल्या, तर मावशींनी वाक्य मधेच तोडलं. "नळाचा वायसर गेला म्हना ना." बाई हसल्या आणि मग एकेक उपाय सांगत गेल्या. मोजे आणि पट्ट्या आहेतच. बारीक शिरांत औषध टोचून त्या सुकवता येतात. पूर्वी मोठी शीर कापून ओढून काढत, हल्ली आत बारीक वायर सरकवून उष्णतेनं बंद करतात. तुंबणं थांबल्याशिवाय जखम भरणार नाही, आणि तुमच्या पायाला हे शेवटचंच बरं.

"आंदरून गरम करता?"

"हो."

मावशी पुढे झुकल्या. मी त्यांना चार वर्षं ओळखत होतो. दुसऱ्याच्या कामाची परीक्षा घेताना त्यांचे डोळे असे बारीक व्हायचे.

"पयले पाणी मारता का?"

मी शरमेनं छताकडे बघू लागलो. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "मारतो. शिरेच्या भोवती सुईनं थंड पाणी भरतो, भूल मिसळलेलं. त्याशिवाय वायर तापवतच नाही. नाहीतर आजूबाजूचं भाजेल."

मावशी माझ्याकडे वळल्या. "हिले काम येते," त्या म्हणाल्या. "कर वं माय."

अट एकच: काम सोडणार नाही. बाई म्हणाल्या, सोडू नका, पण खांबासारखं एका जागी उभंही राहू नका; पोटरी हलली पाहिजे, आणि दुपारी पाय उंचावर ठेवून पडायचं. इतक्या वर्षांत बसा न म्हणणारा पहिला माणूस मावशींना भेटला होता.

ऑपरेशनच्या दिवशीचा माझा पराक्रम लपवण्यात अर्थ नाही. सोबत म्हणून मी आत गेलो, पडद्यावर पुढे सरकणारी सुई पाहिली, आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी स्ट्रेचरवर होतो. शेजारी मावशी, पायाला मांडीपर्यंत पट्टी, उभ्या. नर्सला सांगत होत्या, "याचे पाय वर करा, बाई. कच्चा कपडा आहे."

जखम भरायला चार महिने लागले. बाईंनी सांगितलेलं सगळं मावशींनी पाळलं, पण आपल्या पद्धतीनं. कॉलरीला टाचा वर, बाहीला टाचा खाली. त्या इस्तरी करताना लेझीम खेळल्यासारख्या दिसायच्या. दुपारी टेबलाखाली सतरंजी टाकून, पाय कपड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून पडायच्या. कुणी चिडवलं की म्हणायच्या, "निजली होती. बसली नोयती." घट्ट मोजे त्या लुगड्याखाली रोज घालत आणि धुऊन सावलीत वाळवत. माझा जळका मोजा टपरीच्या खिळ्याला लटकत होता. आलागेला विचारायचा आणि त्या माझ्या नावासकट सांगायच्या.

मग माझी बदली अमरावतीला झाली. निरोप घ्यायला गेलो, तर पहिला प्रश्न, "पाय दाखवा." दाखवला. गाठी वाढल्या होत्या.

"अजून मोजेच?"

सुट्टीत करू, म्हणालो. मावशींनी स्टुलावरचा गठ्ठा उचलला, बाजूला ठेवला आणि फडक्यानं स्टूल पुसलं. "तुमी पाय करून घ्या अन् मले दाखवाले या. त्या दिवशी मी याच्यावर बसतो. अख्ख्या कॉलनीसमोर."

इतकी मोठी बोली माझ्यावर कुणी लावली नव्हती. तरी एक उन्हाळा गेला, दिवाळी गेली, दुसरा उन्हाळा गेला. दरवेळी काहीतरी निघायचंच: पेपर तपासणी, पाहुणे, मुहूर्त.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. मावशी तापानं तीन दिवसांत गेल्या. पाय ठणठणीत होता, हे त्यानं मुद्दाम सांगितलं. मी अकोल्याला गेलो. टपरीत खिळ्याला मोजा होता, आणि स्टूल रिकामं, पुसलेलं. माझी बदली झाल्यापासून त्यावर त्यांनी कुणाला गठ्ठा ठेवू दिला नव्हता, असं शेजारचा सायकलवाला म्हणाला.

म्हणजे मावशी शेवटपर्यंत बसल्याच नाहीत, आणि त्याला माझा भित्रेपणा तेवढा कारण. त्यांनाही बहुधा ते ठाऊक होतं. जो आपल्याला हरवेल अशी भीती होती, त्या माणसाशी त्यांनी पैज लावली नसती.

पंधरा दिवसांनी मी अमरावतीत त्या टेबलावर आडवा झालो. डॉक्टरीणबाईंनी सुई हातात घेतली. "पयले पाणी ना?" मी विचारलं. त्या मास्कआडून हसल्या. त्यांनाही आठवलं होतं.

शुद्ध हरपली नाही. बाहेर आलो तेव्हा पायाला पट्टी होती, डोकं जरा हलकं झालं होतं. वॉर्डबॉयनं खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, "बसा सर, घटकाभर."

"काहून?" मी म्हणालो, आणि चालायला लागलो.