तेलाच्या डब्याचा रोबो

नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्याला काही महिने झाले होते. पाय जमिनीला लागला, बोलणं सुधारलं, पण उजवा हात काही ऐकेना. शिरोलीच्या एका फौंड्रीत ते लाकडी साचे बनवायचे. केसाएवढा फरक बोटांनी ओळखणारा माणूस, आणि आता हातातून चहाचा कप निसटायचा. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. एक-दोन दिवस दाबला आणि मग कॉटखाली फेकून दिला.

"पोरखेळ हाय ह्यो," म्हणाले.

मी शिवाजी पेठेत घरीच ब्लाउज शिवते. एका दुपारी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन बाहेर पडत होते, तर कॉटवरून आवाज आला.

"त्यो डबा कुठं न्हेतीस?"

"भंगारात."

"ठेव तिथंच. रोबो करायचाय."

आजार आता डोक्यात गेला, असंच मला वाटलं. मग त्यांनी सांगितलं. लहानपणी गणपतीत तालमीसमोर पडदा लावून सिनेमा दाखवायचे. त्यातल्या एकात रोबो होता. चौकोनी छाती, गोल डोकं, एकच लाल डोळा. सिनेमाची गोष्ट ते विसरले होते, पण डोकं वळवून तो मागं कसा बघायचा, ते बसल्या जागी करून दाखवलं. तेव्हापासून तसला करायचा होता. आधी शाळा, मग नोकरी, राहूनच गेलं.

मी घर धुंडाळलं. डोक्याला पोचे आलेलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं मिळालं. हातांना बेसिनखालचा जुना, घड्याघड्यांचा पाइप. पायांना दोऱ्याचे रिकामे कोन एकात एक बसवायचे ठरले. डोळ्यासाठी सायकलचा रिफ्लेक्टर निघाला. छातीवरची बटणं माझ्या शिवणाच्या डब्यातली, कोटाची. फक्त माझी कापडाची कात्री मी पत्र्याला लावू दिली नाही.

पहिलं काम डब्याला भोकं पाडायचं. हातोडी डाव्या हातात, म्हणजे खिळा उजव्यानं धरणं आलं. खिळा निसटायचा, गडगडत मशीनखाली जायचा. मी उचलून द्यायची, पुन्हा निसटायचा. एकदा हातोडी बोटावर बसली आणि नख काळं झालं.

"द्या हिकडं, मी पाडते," मी पुढं झाले.

"हात लावू न्हकोस!" ते एवढ्यानं ओरडले की शेजारीण दारात आली. मग हळू म्हणाले, "तू केलंस तर रोबो हुईल गं. हात न्हाय व्हायचा."

त्यानंतर मी मशीनवर बसून राहायची. खिळा पडला की मागं वळून न बघता शिवण चालू ठेवायची. ते फार अवघड होतं. माझे दोन ब्लाउज त्या दिवसांत उलट्या बाह्यांचे झाले.

भोकं पडली, पाइप बसले, रोबो उभा राहिला. मान मात्र जमेना. पातेलं नुसतं चिकटवलं तर फिरत नव्हतं, आणि फिरतं ठेवलं तर डोलून खाली पडायचं. शेवटच्या वेळी पातेलं पडलं तेव्हा डोळाही फुटला. ते भिंतीकडं तोंड करून निजले, रात्री जेवले नाहीत. मला वाटलं, संपलं.

सकाळी स्वयंपाकघरात लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीशी त्यांची झटापट चालली होती. बरणी काखेत दाबून उजव्या हातानं झाकण फिरवत होते. कपाळावर घाम. झाकण जरासं सरकलं.

"बघितलंस?" ते म्हणाले. "आटे हायत की ह्येला. मान हितंच हाय."

लोणचं मी दुसऱ्या भांड्यात काढलं. त्यांनी बरणीचं तोंड कापून डब्यावर बसवलं, झाकण पातेल्याच्या आत चिकटवलं. आता डोकं फिरवलं की फिरायचं आणि जागेवर राहायचं. नवा रिफ्लेक्टर मी आणला, तो त्यांनी बसवला. रंग मात्र ओघळले. चंदेरी रंगाचा एक डाग अजून फरशीवर आहे.

डॉक्टरीणबाईंना दाखवायचा म्हणून रिक्षानं निघालो. तो आमच्या दोघांच्या मधे.

रिक्षावाला आरशात बघत म्हणाला, "पावणं, ह्ये तिसरं शीट कुणाचं?"

"पेशंट हाय," हे म्हणाले. "मानंचं दुखणं."

डॉक्टरीणबाईंनी रोबोकडं एकदाच बघितलं आणि यांचा उजवा हात हातात घेतला. बोटं एकेक करून वाकवली, सोडली. पूर्वीची ताकद येईलच असं नाही, पण धरायला लागलाय, म्हणाल्या. साचे बनवायचं काम पुन्हा जमणार नाही, हे आम्हालाही कळलं होतं. पुढं कंपनीनं त्यांना तयार माल तपासायला बसवलं.

त्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांचाही हात गेलेला, डावा. त्या कधीपासून रोबोकडं बघत होत्या. यांनी तो उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"फिरवा की," म्हणाले.

बाईंनी डाव्या हातानं पातेलं दाबलं. डोकं हललं नाही.

"दाबू न्हका. आधी धरा. गडबड न्हाय काय," हे त्यांच्या शेजारी बसले. "हां. आता फिरवा."