हरेशच्या नावावर गेलेल्या कविता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि गेली अकरा वर्षं ज्याच्यासोबत कात्रपच्या फ्लॅटमध्ये राहतोय त्या समीरलाही नाही. ‘याचं सगळं मला माहीत आहे,’ असं समीर चारचौघांत सांगतो. मी हसतो — आणि विषय बदलतो.

मागच्या महिन्यात इथेच बदलापूरला माझ्या कवितांचं वाचन झालं. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाच्या कविता, आणि समोर निवृत्त शिक्षक, नोकरदार, गृहिणी. सगळ्यांनी मायेनं ऐकलं. नंतर एक बाई जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, किती निर्भयपणे लिहिता हो तुम्ही. मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तेव्हापासून हरेश डोक्यातून जात नाही.

आम्ही अंबरनाथला राहायचो, बाबा कारखान्यात अधिकारी. हरेशच्या वडिलांचा उल्हासनगर कॅम्प चारमध्ये जीन्स शिवायचा कारखाना — कारखाना कसला, दोन खोल्या आणि आठ मशिनी. हरेश माझ्या कॉलेजातला. त्याचं मराठी यथातथाच; वाचायचा तेही ओळीखाली बोट धरून. पण महापालिकेत अर्ज द्यायचा तर तो मराठीत हवा. म्हणून तो हिंदीत सांगायचा आणि मी मराठीत उतरवायचो. पाण्याचं कनेक्शन, तुंबलेलं गटार, शेजाऱ्याची पत्र्याची शेड. सही त्याची, भाषा माझी. त्या गटाराचं वर्णन मी इतकं रंगवलं होतं की साहेब स्वतः बघायला आले, असं तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा.

अर्ज झाला की कटिंगच्या टेबलावर उरलेला खाकी कागद तो माझ्याकडे सरकवायचा. म्हणायचा, “रख ले, तेरे काम आएगा.”

कामाला यायचा. त्याच कागदांवर मी कविता लिहायला लागलो. जीन्सच्या रंगाने निळ्या पडलेल्या त्याच्या बोटांवर, मानेवरच्या तिळावर, त्या विरळ मिशीवर, जिचा त्याला फार अभिमान होता. मी कोण आहे हे तोवर मी स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोललो नव्हतो. त्या कागदांवर मात्र मी ऐसपैस राहत होतो. त्याला एकही कविता दाखवली नाही — कशी दाखवणार?

मी वीस वर्षांचा असताना, एका रविवारी बाबांना ते कागद सापडले. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, हे काय आहे? अक्षर माझं. मिशी पुरुषाची. सुटायला जागा कुठे होती?

होती. मला ती अर्ध्या मिनिटात सापडली. म्हणालो, या हरेशच्या आहेत. तो हिंदीत सांगतो, मी मराठीत लिहून देतो, अर्जांसारखं. बाबांना अर्जांचं माहीत होतं. त्यांचा चेहरा सैल झाला. तिथे थांबलो असतो तरी — पण नाही, कुणी विचारलेलं नसताना मी पुढे म्हणालो, “तो तसा आहे, बाबा. मी नाही.”

बाबांनी मला स्कूटरवर बसवलं आणि थेट कॅम्प चार गाठलं. हरेशचे वडील तिथेच होते. कारागीर मशिनी थांबवून बघायला लागले. बाबांनी कागद टेबलावर ठेवले आणि हरेशला विचारलं, हे तुझं का?

हरेश वाचायला लागला. बोट धरून, सावकाश. कधी नव्हे ते एवढं मराठी तो मन लावून वाचत होता. मिशीपाशी त्याचं बोट थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं — हे मला माहीत आहे, कारण त्या क्षणी मी मान खाली घातली. खाली जीन्सच्या चिंध्या पडल्या होत्या. त्या बघत मी उभा राहिलो. एक शब्द पुरला असता. मी तो बोललो का?

“हां अंकल,” हरेश म्हणाला. “मैंने बोला, इसने लिखा.”

त्याच्या वडिलांनी सगळ्या कारागिरांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. पंधरा दिवसांत त्याला काकांकडे इंदूरला पाठवून दिलं. पत्ता मिळवणं अवघड नव्हतं. पण त्याचे सगळे अर्ज लिहून देणाऱ्या मला त्याला चार ओळी लिहिता आल्या नाहीत. आल्या नाहीत म्हणजे — मी लिहिल्या नाहीत. तो माझ्यासारखा होता का, की नुसताच माझा मित्र होता, हेही मला आजतागायत माहीत नाही.

माझी कविता सगळ्यात आधी वाचली ती हरेशने, म्हणजे बाबा सोडले तर. ती कुणावर आहे हे त्याला कळलं, आणि अर्जाखाली सही करावी तशी त्याने ती स्वतःच्या नावावर घेतली. मी बाबांच्या मागे स्कूटरवर बसून घरी आलो. आईने भरली वांगी केली होती. मी पोटभर जेवलो.