शेपटीचं टोक

केसरीनाथ नारपोलीच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर. अठ्ठावीस वर्षं लूम दुरुस्त केले, पण दुसऱ्याच्या शब्दावर पाना कधी उचलला नाही. कारागीर ओरडायचा, "जॉबरभाई, बीम खराब है!" केसरीनाथ मात्र तुटलेल्या धाग्यावर बोट ठेवून, तो ज्या रुळावरून सुटतो त्या बीमपर्यंत स्वतः जायचे. दर चैत्रात वज्रेश्वरीला गेले तरी गरम पाण्याच्या कुंडात उतरण्याआधी बोट बुडवायचे, पाणी गरमच आहे ना ते बघायला. त्यांची बायको तुळजा हातातली देवीची ओटी सावरत हसायची.

यंदा त्यांच्या लघवीतून रक्त आलं, पाय सुजले. ठाण्याच्या इस्पितळात उजव्या किडनीत गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं, आणि सही घ्यायला आले ते हृदयाचे डॉक्टर!

केसरीनाथांनी फाइल काखेत मारली. "दुखतंय कमरेत, आन् फाडणार छाती? तुळजे, चल. फाइल बदललीय, न्हायतर डाव हाय."

घरी आल्यावर शेजारच्या रामनाथला आयतंच मिळालं. "काका, बेशुद्ध केल्यावर दोन्ही किडन्या काढतील. तुम्हाला काय कळणार हाय?"

"आधी तुझी जीभ काढायला पायजे," तुळजा म्हणाली. पण देवापुढे दिवा लावताना तिच्याही मनात तेच आलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

चार दिवस फाइल गादीखाली होती. पाचव्या दिवशी तीन पायऱ्या चढताना केसरीनाथांना धाप लागली. तुळजानं फाइल काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. "अवं, धागा बघितल्याबिगर बीमला कधी नावं ठेवलीत का? चला, बघा तरी."

इस्पितळात गाठीचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "काका, बोट ठेवा."

बोट किडनीवरून निघालं, मोठ्या शिरेत शिरलं, यकृतामागून वर वर सरकत थेट हृदयात जाऊन थांबलं.

"ही गाठीची शेपटी. काढताना तुटली तर तुकडा फुप्फुसात जाईल, जीवावर बेतेल. म्हणून रक्त मशीनवर फिरवायचं, हृदय थांबवायचं आणि ती अख्खी काढायची."

"म्हंजे लूम बंद करूनच हात घालायचा. परत चालू न्हाय झाला तर?"

"तसंही होऊ शकतं, काका. पण न काढता फार दिवस नाहीत."

हे उत्तर त्यांना आवडलं नाही, पण खरं वाटलं. सही केली ती अट घालून. काढलेलं सगळं तुळजाला दाखवायचं. तिला बाजूला घेऊन म्हणाले, "टोक बघ. गोल असलं तर ठीक. कापल्यासारखं असलं तर आत राहिलंय समज."

ऑपरेशन सुरू झाल्यावर आठ तासांनी तिच्यासमोर स्टीलचा ट्रे आला. घरात मासळी कापतानासुद्धा रक्त बघून तोंड फिरवणारी तुळजा मुठीत देवीचा अंगारा घट्ट धरून वाकली. एकच किडनी, तिला बोटाएवढी जाड शेपटी. तिनं वरूनच वीत धरून मापली. मग टोक पुन्हा पुन्हा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी घशातली नळी निघाली. केसरीनाथांचा पहिला शब्द, "टोक?"

"गोल. गुळगुळीत. माझी एक वीत आन् वर चार बोटं."

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मग एक डोळा उघडला. "माझीच व्हती ना? दुसऱ्याची तर न्हाय दाखवली?"

तुळजानं त्यांच्या कपाळाला अंगारा लावला. "तुमचीच. ट्रेमधूनसुदीक माझ्याकडं संशयानंच बघत व्हती."