जागेश्वरभाऊंचा मूळ बैल

जागेश्वरभाऊ आमच्या कुडव्यातले सुतार. तान्ह्या पोळ्याला पोरं जे लाकडी बैल ओढत नेतात, ते करावे त्यांनीच. त्यांच्या बापाने शिवणीच्या लाकडाचा एक बैल कोरला होता. भाऊ त्याला 'मूळ' म्हणायचे. नवा बैल करताना मापाची दोरी लावायची ती मुळालाच, दुसऱ्या कोणत्याच बैलाला नाही.

शाळेत आम्हाला 'आद्य नमुना' असा शब्द होता. मी अर्थ पाठ केला, पण कळला तो भाऊंच्या ओसरीत. "नकलेवरून नक्कल केली का बाई, दरवेळी जरासं चुकते. दहाव्या बैलाले वशिंडच राहत नाही."

पोळ्याला त्यांच्या घरी पहिलं कुंकू मुळाला लागायचं.

दोन वर्षांमागे गोंदियाचे खेळण्यांचे व्यापारी हिरालालशेठ आले. "सबसे बढ़िया पीस दो मिस्त्री. आठ दिन में वापस."

भाऊंनी मूळच काढून दिला. त्यांची बायको प्रेमिला तडकली, "पूजेची वस्तू कोणी सॅम्पल म्हणून देते का?"

"काऊन ओरडून राहिली? बापाचं काम शहरात दिसन."

आठ दिवसांचे पाच महिने झाले. भाऊंनी गावात विकलेला एक बैल मागून आणला, त्यावरून काम चालवलं. पोरं म्हणाली, "आबा, हा बैल का बकरा?"

शेवटी भाऊ आणि मी शेठकडे गेलो. मूळ गोदामात पडला होता. साचा काढायला त्याला करवतीने मधोमध चिरलं होतं. बाहेर फळीवर प्लास्टिकचे बैल ओळीने उभे.

"साँचा तो बन गया, अब इसका क्या काम? ले जाओ," शेठ मोबाइलमधून मान वर न काढता बोलले.

भाऊंनी दोन्ही तुकडे दुपट्ट्यात बांधले. घरी येऊन जोडलेही. पण करवतीने खाल्लेलं सूतभर लाकूड कुठून आणणार? पोळ्याला प्रेमिलाने कुंकू लावलं. भाऊंनी दोरी खुंटीलाच राहू दिली. "पुजाले चालते. मापाले नाही."

त्यानंतर त्यांनी बैल केले नाहीत. यंदा त्यांचा नातू बैलासाठी हट्टाला पेटला, तेव्हा मीच शेठच्या दुकानातून प्लास्टिकचा बैल आणला. देवळासमोर भाऊंनी तो नातवाच्या हातून घेतला, वशिंडावरून बोट फिरवलं.

"माप बराबर हाये," म्हणाले, आणि परत दिला.

माझ्याकडे पाहिलं नाही. मी देवळात गेले, पण हात जोडवले नाहीत.