गुलामाचं एकुलतं वाक्य

दिल्लीतला मराठी माणूस आधी सरकारी नोकरीतल्या ग्रेडने ओळखला जायचा, मग आडनावाने. करोल बागेतल्या आमच्या मंडळाचं गणपतीतलं नाटकसुद्धा याला अपवाद नव्हतं.

त्या वर्षी बाबांचे साहेब मंडळाचे अध्यक्ष होते. सरकारी खर्चाने अमेरिका पाहून आले होते आणि दोन नद्यांच्या संगमावरचं एक चिमुकलं जुनं गाव त्यांच्या डोक्यात बसलं होतं. गुलामगिरीच्या काळात गुलामांना सोडवायला मूठभर माणसांनी तिथल्या शस्त्रागारावर छापा घातला होता. साहेबांनी त्यावरच नाटकाचा हुकूम सोडला आणि लिहिलं अर्थातच बाबांनी. बाबा त्यांच्याच ऑफिसात क्लार्क होते, साहेबांची भाषणंही तेच लिहायचे.

भूमिका सीनियॉरिटीने वाटल्या गेल्या. साहेब बंडाचे म्होरके, सेक्शन ऑफिसर छापा घालणारे आणि गुलाम झाडून सगळे क्लार्क. म्होरक्याला शेवटी फाशी होते, हे कळल्यावर साहेबांनी तो प्रवेशच रद्द केला. ज्युनियर लोकांसमोर बरं दिसत नाही, म्हणाले.

बाबांनी स्वतःला एकच वाक्य ठेवलं होतं, "आजपासून मी कुणाचा नोकर नाही!" गाझियाबादच्या आमच्या दोन खोल्यांत दाढी करताना ते रोज ठणकावायचे. शेवटी शेजारचे पंजाबी काका काळजीने विचारायला आले, "भाईसाब, नौकरी छोड़ दी क्या?" आई हसून हसून दमली. बाबांना इतकं ताठ उभं राहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

नाटकात साहेब आले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. पायाशी, गळ्यात सायकलची चेन घालून बसलेले बाबा हळूच एकेक वाक्य पुरवू लागले आणि साहेब ते गर्जून म्हणू लागले. "ऊठ, तू मोकळा आहेस," हेसुद्धा बाबांनीच सांगितलं.

बाबा उठले. मी श्वास रोखला. ते आपलं वाक्य म्हणाले, पण इतका वेळ कुजबुजल्यावर आवाज वर चढेचना. साहेबांना वाटलं, हेही आपलंच. त्यांनी छाती काढून ते ठणकावलं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पडदा पडला.

मला साहेबांचा भयंकर राग आला. अजूनही येतो.

बसस्टॉपवर आई म्हणाली, "चलो, आता इथे म्हणा जोरात. कोण ऐकतंय?"

बाबा बस येते का ते बघत राहिले. "छोडो ना," ते म्हणाले, "आता ते साहेबांचं झालं."