माझ्या फोनवर अडणारी यादी

नववीत शाळा सोडून गोंदियाकडून पुण्यात आलो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करताना माझ्या नजरेतून काही सुटत नाही हे तिथे गिऱ्हाईक म्हणून आलेल्या सरांनी पाहिलं आणि ते टीम लीडर होते त्या सॉफ्टवेअर कंपनीत मला घेतलं. ‘शिक्षणाचं मी बघतो, तू फक्त स्क्रीन बघ,’ म्हणाले. त्यानंतर त्यांनी कितीही शिव्या दिल्या तरी मला त्या लागल्या नाहीत. ऑफिसात सगळ्यात भंगार फोन माझा. म्हणून कुठलंही नवं पान आधी माझ्या फोनवर चालवून बघायचं, ही तिथली पद्धतच.

एका क्लायंटसाठी बनवलेल्या पानावर औषधांची लांबलचक यादी होती. प्रत्येक ओळीचा रंग, रुंदी सरांनी कोडमध्येच ठरवलेली. बोट सरकलं की फोन सगळं पुन्हा मोजत बसायचा आणि यादी अडायची. माझ्या शेजारचा सदाशिव पेठेतला सहकारी म्हणायचा, हे रंगरूप वेगळ्या फाइलमध्ये, स्टाइलशीटमध्ये लिहा, ब्राउझर एकदाच वाचेल. सर म्हणायचे, फोन बदला.

क्लायंट यायच्या सकाळी यादी पुन्हा अडली. सहकारी मान न वळवता म्हणाला, "अहो सर, तिला जरा बसू द्या. दम लागलाय."

सरांनी माझ्या हातातला फोन हिसकला आणि त्याच्या तोंडावर फेकला. भुवई फाटली. तो उठेपर्यंत सरांनी कॉलर धरून त्याचं डोकं काचेच्या पार्टिशनवर आपटलं. काच तडकली. मी मध्ये घुसलो, तर त्यांचं कोपर माझ्या ओठावर बसलं. त्याचं की माझं, कुणाचं तरी रक्त कीबोर्डवर ठिबकत होतं.

कंपनीच्या मालकांना, मोठ्या साहेबांना, सरांनी सांगितलं की तो घसरून पडला. साहेबांनी मला आत बोलावलं. सर समोरच उभे. त्यांनी मनात आणलं तर उद्या मी गावच्या गाडीत, हे मला पक्कं ठाऊक.

"सरांनी मारलं जी," मी म्हणालो.

सर हळूच म्हणाले, "बघायलाच ठेवलं होतं ना तुला."

दुसऱ्या दिवशी सरांचं टेबल रिकामं; साहेबांनी त्यांना काढलं होतं. टाके पडलेल्या सहकाऱ्याने स्टाइलशीट चढवली. मी तडकलेला फोन काढला. यादी सरसर सरकली. काच अंगठ्यात घुसत होती, तरी मी वर-खाली करत राहिलो. सरांना फोन लावून सांगावंसं फार वाटलं, की आता चालतेय.