मास्तरांनी सांभाळलेली कॅप

मास्तर नव्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याचे दात बघत. मुखेडच्या बाजारात बैल घेणारा जसं बैलाचं तोंड उघडून बघतो, अगदी तसं. "दाव," एवढंच म्हणत. आमच्या बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचं तर वरचे पुढचे दात शाबूत हवेत, कारण वाद्याचं तोंड त्यांच्यावरच टेकतं. मी आता लातूरला बांगड्यांच्या दुकानात बसतो. दातांशी माझा काही संबंध उरला नाही, तरी गिऱ्हाईक आलं की नजर आधी तिकडेच जाते. मास्तरांवरचा राग अजून गेलेला नाही आणि त्यांची सवयही सुटलेली नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. दुसऱ्या कुणी दारातूनच परत पाठवलं असतं. मास्तरांनी मला एसटीत बसवून नांदेडला नेलं, ओळखीच्या डॉक्टरांकडून रूट कॅनाल करवून वर कॅप बसवून घेतली. येताना खिडकीची जागा मला दिली. "आता नुसता हसत नको फिरू," म्हणाले, "वाजव."

सुपारीला त्यांची सक्त मनाई होती. वरातीत कुणी पानाचं ताट पुढे केलं की ते हात जोडून म्हणत, "आमच्या मान्साचं तोंड कामाचं हाय." त्यांच्या स्वतःच्या दातालाही कॅप होती आणि ती एकदा माहूरला मिरवणुकीत निसटली होती. पाण्यानं धुऊन त्यांनी ती चुन्याच्या कोऱ्या डबीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं नांदेड गाठलं. ही हकिगत प्रत्येक नव्या माणसाला ऐकावी लागे. शेवटी ठरलेलं बजावणं असे, "कॅप पडली तर घरी चिकटवायची न्हाई, अन् डॉक्टरकडं जायला उशीर करायचा न्हाई. आतला खुंट उघडा पडला की त्याचं काय खरं न्हाई." आम्हाला ते तोंडपाठ होतं.

गेल्या लग्नसराईत भोकरला एक वरात होती. निघायच्या आधी मांडवात बुंदीचा कडक लाडू खाल्ला आणि माझी कॅप हातात आली. रूट कॅनालमुळे दुखलं काहीच नाही. मास्तर धावत आले. त्यांनी ती धुतली, कापसात गुंडाळली, डबीत घातली आणि डबी आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली. "डॉक्टर गावाला गेल्यात. आले की मीच तुला घेऊन जातो. तवर खुळखुळा वाजव."

त्या दिवशी क्लॅरिनेट त्यांच्या जावयानं वाजवलं. उदगीरचा त्याचा बँड डीजेपायी बंद पडला होता आणि महिनाभर तो सासरवाडीतच होता. बिचारा सुरांशी झटापट करत होता. मला त्याची कीवच आली.

बघता बघता तीन आठवडे झाले. विचारलं की मास्तर म्हणत, "अरे, मी फोन करायलोय ना! अजून आले न्हाईत." माझ्या मनात शंका यायची, नाही असं नाही. पण उशीर करू नका म्हणणारा माणूसच थांब म्हणत होता. परस्पर दुसरा डॉक्टर गाठायचा म्हणजे मास्तरांना खोटं पाडायचं. तेवढी माझी छाती नव्हती. मी मुकाट खुळखुळा वाजवत राहिलो. मग एका दुपारी कडक भाकरीचा घास तोडताना तो उघडा खुंट मोडला.

मी एकटाच नांदेडला गेलो. डॉक्टर गावाहून आले का, असं विचारलं तर दवाखान्यातल्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "डॉक्टर गावाला? कुठं? ते तर रोज हायत की." डॉक्टरांनी तपासलं. "मुळापासून फुटलाय, काढावा लागेल. त्याच दिवशी आला असतात तर दहा मिनिटांत कॅप बसवून दिली असती. मास्तरांना माहीत आहे की हे." नवा दात बसेल, पण त्यावर फुंकायचं काम जमेल असं सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. मला लाज वाटली. फसवलं दुसऱ्यानं आणि लाज मला का वाटावी, ते आजही कळलेलं नाही.

मुखेडला उतरलो तो थेट मास्तरांच्या घरी गेलो. ते अंगणात क्लॅरिनेट पुसत बसले होते.

"डॉक्टर कुठंच गेले नव्हते, मास्तर. तुम्ही फोनबी केला न्हाई."

त्यांनी खिशातून डबी काढून माझ्या हातावर ठेवली. उघडली तर कॅप लख्ख होती आणि कापूस नवा होता. म्हणजे ते रोज बघत असणार, कापूस बदलत असणार. ते पाहून मी पार तुटलो.

"दात मोडला माझा," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. म्हणाले, "जावई हाय रे. लेकीचा संसार हाय. त्याला माझ्याबिगर कोण उभं करणार? तुझं तसं न्हाई. तू माझ्यापेक्षा चांगला वाजवतोस. तुला कुठलाबी बँड घेईल, आसं वाटलं मला."

बारा वर्षं मी त्यांच्या तोंडून एवढंच ऐकायला तरसलो होतो. ऐकलं, तेव्हा क्लॅरिनेट टेकवायला माझ्या तोंडात दात उरला नव्हता.